एआयचे प्रकार किती, आणि आपल्या कामाचा कोणता? अंबडच्या एका कारखानदाराला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर, टर्निंगचे जॉब (सुटे भाग) करतो, माल वाहन उद्योगातल्या कंपन्यांना जातो. धाकटा भाऊ दिंडोरीकडे द्राक्षांचं पॅकहाउस सांभाळतो. एका विक्रेत्यानं कॅमेऱ्यानं माल तपासणारं एआयचं पॅकेज दाखवलं. त्यात एआयचे चार प्रकार दाखवणारं चित्र होतं आणि 'दोन्ही धंद्यांना एकच सोल्यूशन चालेल' असं त्याचं म्हणणं. प्रकार नेमके किती, आणि आम्ही कोणता घ्यावा?"

आधी त्या चित्राचा निकाल लावू. रिअ‍ॅक्टिव्ह, लिमिटेड मेमरी, थिअरी ऑफ माइंड आणि सेल्फ अवेअर हीच ती चार नावं असणार. आरेंड हिन्ट्झे या संशोधकानं २०१६ मध्ये सर्वसामान्य वाचकांसाठी ही मांडणी केली आणि तेव्हापासून ती प्रत्येक विक्रेत्याच्या स्लाइडवर दिसते. पहिल्या प्रकाराचं नेहमीचं उदाहरण म्हणजे आयबीएमचा डीप ब्लू, ज्यानं १९९७ मध्ये कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवलं. दुसऱ्या प्रकारात आज बाजारात असलेलं जवळपास सगळं बसतं. तिसरा आणि चौथा प्रकार, म्हणजे समोरच्याचं मन ओळखणारं आणि स्वतःची जाणीव असलेलं यंत्र, आजवर कुणी बनवलेला नाही. थोडक्यात, विकत घेण्याजोगं सगळं एकाच खणात येतं, मग अशा वर्गीकरणाचा तुम्हाला उपयोग काय? कॉलेजच्या परीक्षेत ते लिहावं. खरेदी करताना बाजूला ठेवावं.

मी स्वतः कारखान्यांसाठी डेटाचं आणि सॉफ्टवेअरचं काम करतो आणि समोर आलेली प्रत्येक वस्तू तीन प्रश्नांवर तपासतो. आत काय घालायचं? बाहेर काय येणार? आणि बाहेर आलेलं चुकलं, तर ते कुणाच्या आणि केव्हा लक्षात येणार? पहिल्या दोन प्रश्नांनी प्रकार कळतो. ती वस्तू घ्यायची की नाही, हे मात्र तिसरा प्रश्न ठरवतो आणि विक्रेते नेमकं त्यावर बोलत नाहीत.

सगळ्यात जुना प्रकार नियमांचा. अमुक असेल तर तमुक कर, एवढंच. यात यंत्र काहीही शिकत नाही, पण 'एआय' म्हणून खपवलं जाणारं बरंच सॉफ्टवेअर आतून असंच असतं. त्यात कमीपणा काही नाही. उलट जिथे नियमानं भागतं तिथे दुसरं काही घेऊच नये. तुमच्या ऑफिसातलंच उदाहरण घ्या. दर महिन्याला खरेदीची बिलं जीएसटीआर-२बीशी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीशी, जुळवायची असतात. पुरवठादारानं बिल भरलं नसेल तर ते २बीत येत नाही आणि तुमचं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं. अकाउंटंट ते एकेक ओळ बघून जुळवतो. जीएसटी नंबर, करपात्र रक्कम आणि कर तिन्ही जुळले, बिल नंबरातली तिरपी रेघ आणि पुढची शून्यं काढल्यावर नंबरही जुळला, की ओळ पक्की. हे काम एक्सेलमध्येसुद्धा होतं. उरलेल्या गोंधळाच्या ओळी माणसानं बघाव्यात. एवढ्यासाठी कुणी वार्षिक वर्गणीचं एआय गळ्यात मारत असेल तर नम्रपणे चहा पाजून परत पाठवा.

याच घराण्यातला दुसरा एक प्रकार आहे, ज्याची जाहिरात फारशी होत नाही: गणितानं उत्तम पर्याय शोधणं. जॉर्ज डँट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ ची, आणि तिचे वंशज आजही जगभर ट्रकांचे मार्ग आणि कारखान्यांचं शेड्यूलिंग ठरवतात. कोणता जॉब कोणत्या मशिनवर आणि कशामागून लावला तर सेटिंग बदलण्यात कमी वेळ जाईल, एका बारमधून तुकडे कसे काढले तर एंड-पीस कमी उरतील, असे प्रश्न त्याचेच. याला डेटा फार लागत नाही. प्रत्येक जॉबचा खरा सायकल टाइम आणि सेटिंगचा खरा वेळ लागतो. 'खरा' असं मुद्दाम लिहितोय, कारण बहुतेक युनिटमध्ये कागदावरचा वेळ कोटेशन देताना धरलेला असतो आणि मशिनवरचा वेगळाच निघतो.

आता शिकणाऱ्या यंत्रांकडे येऊ. मशिन लर्निंग म्हणजे नियम आपण लिहायचे नाहीत. उदाहरणं द्यायची आणि नियम यंत्रानं त्यातून काढायचे. २०१२ पासून, म्हणजे फोटो ओळखण्याच्या स्पर्धेत अ‍ॅलेक्सनेट नावाच्या मॉडेलनं बाजी मारल्यापासून, चित्रांच्या बाबतीत ही पद्धत झपाट्यानं पुढे गेली. तुम्हाला दाखवलेलं कॅमेरा इन्स्पेक्शन याच प्रकारातलं. पैसे खर्ची पडणार आहेत ते इथेच, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

विक्रेता म्हणेल, "आमची अचूकता ९९ टक्के आहे." हिशेब करून बघा. समजा दिवसाला १०,००० पीस निघतात आणि त्यात ५० खराब असतात. प्रत्येक पीसला डोळे मिटून 'ओके' म्हणणाऱ्या यंत्राचीही अचूकता ९९.५ टक्के भरते, कारण ९,९५० वेळा त्याचं उत्तर बरोबर येतं! त्यामुळे अचूकता हा आकडाच विचारू नका. दोन वेगळे आकडे मागा: खराब पिसांतले किती टक्के पकडले, आणि चांगल्या पिसांतले किती टक्के उगाच बाजूला काढले.

समजा यंत्र चांगलं आहे. खराब पिसांतले ९८ टक्के पकडतं आणि चांगल्यातले फक्त ३ टक्के चुकून काढतं. तरी दिवसअखेर लाल क्रेटमध्ये काय असेल? ४९ खरे खराब आणि जवळजवळ ३०० चांगले. म्हणजे साडेतीनशे पीस पुन्हा माणसानं बघायचे. दहा हजारांऐवजी साडेतीनशे बघणं हा मोठाच फायदा आहे, पण "इन्स्पेक्टर लागणार नाही" या वाक्याला काही अर्थ उरत नाही. आणि तो एक सुटलेला खराब पीस? तो ग्राहकाच्या लाइनवर सापडेल. तिथे तो केवळ कॉस्मेटिक ओरखडा असेल तर ठीक. ब्रेक किंवा स्टीअरिंगशी संबंधित भाग असेल तर पूर्ण लॉट परत येईल, सॉर्टिंगला तुमची माणसं तिकडे पाठवावी लागतील आणि डेबिट नोट वेगळी. म्हणून उंबरठा, म्हणजे किती संशय आला की पीस बाजूला काढायचा ती मर्यादा, कुठे ठेवायचा हे विक्रेत्यावर सोपवू नका. जॉबगणिक तुम्हीच ठरवा.

दुसरी अडचण प्रकाशाची, आणि ती शॉप फ्लोअरवर उभं राहिल्याशिवाय समजत नाही. मशिनवरून उतरलेल्या जॉबवर कूलंटचा, म्हणजे कटिंग थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, पातळ थर असतो. त्यावरची चकाकी कॅमेऱ्याला ओरखड्यासारखी दिसते. टर्निंगमध्ये हत्यार सरकताना उमटलेल्या बारीक रेषा एका कोनातून नाहीशा होतात, दुसऱ्या कोनातून ठळक होतात. दुपारी शटरमधून ऊन आत आलं की सकाळी बरोबर चाललेलं यंत्र एकदम चांगले पीस फेकायला लागतं. अशा वेळी सॉफ्टवेअर बदलून फार फरक पडत नाही. जॉबवर हवा मारून तो कोरडा करा, कॅमेऱ्याभोवती बंद हूड बसवा, सगळीकडून सारखा पडणारा डोम लाइट लावा आणि पीस दर वेळी एकाच स्थितीत बसेल असं फिक्स्चर करा. यातलं बरंचसं तुमच्या टूलरूममध्येच होईल. कॅमेरा प्रकल्पाचं निम्मं यश या लोखंडी आणि काचेच्या कामात असतं, असं माझं मत आहे. कोटेशनमध्ये मात्र ते शेवटच्या ओळीत 'ग्राहकाच्या कक्षेत' म्हणून ढकललेलं सापडतं.

तिसरी अडचण उदाहरणांची. यंत्राला शिकवायला खराब पीस लागतात आणि तुमचं काम चांगलं असेल तर तेच कमी असतात. त्यावर उपाय आहे: फक्त चांगले पीस दाखवून शिकवायचं आणि 'याहून वेगळं दिसलं की थांबव' असं सांगायचं. याला अ‍ॅनॉमली डिटेक्शन म्हणतात. छोट्या युनिटला हाच रस्ता बहुधा परवडतो. फक्त इन्सर्टचा (कापणाऱ्या पात्याचा) मेक बदलला किंवा नव्या हीटच्या, म्हणजे पोलादाच्या नव्या वितळणीच्या, बारची झाक वेगळी निघाली, की ते यंत्र बिचकतं. पुन्हा थोडं शिकवावं लागतं. ते कोण करणार आणि त्याचे पैसे किती, हे करारातच लिहून घ्या. आणि मापासाठी गेज आहे ते आहेच. आडव्या भोकाच्या आतल्या काठावरची बर (कापताना उरलेली धारदार कड) बाहेरून कॅमेऱ्याला दिसत नाही, ती बोटालाच लागते.

मेंटेनन्सचा अंदाज देणारं एआय, म्हणजे स्पिंडलच्या व्हायब्रेशनवरून बेअरिंग कधी जाणार ते सांगणारं, याच प्रकारातलं. मशिन मोजकी असतील तर सध्या त्याच्या मागे लागू नका. बिघाड वर्षाकाठी मोजकेच होत असतील तर यंत्र शिकणार कशावरून? साधा सेन्सर बसवून मर्यादा ओलांडली की अलार्म, एवढं पुरे.

आता भावाचं पॅकहाउस. इथे विक्रेत्याचं 'एकच सोल्यूशन' पूर्ण कोसळतं. तुमचे जॉब एकसारखे असावेत म्हणून तुम्ही धडपडता; द्राक्षाचा एक घड दुसऱ्यासारखा नसतोच. कात्री घेऊन बसलेल्या बायका खराब मणी काढून घड ज्या वेगानं साफ करतात, त्या कामाला आज तरी यंत्राचा पर्याय सुचवण्याची माझी हिंमत नाही. भावाला एआय लागेल ते आधी बागेत.

हवामान केंद्र तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पान किती तास ओलं राहिलं हे मोजतं आणि त्यावरून डाऊनी किंवा भुरी हे द्राक्षावरचे रोग येण्याचा धोका सांगता येतो. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही हवामानावर आधारित सल्ला देतं. यातली बरीच मॉडेल रोगशास्त्राच्या नियमांवर उभी आहेत, थोडी आकडेवारी त्यांच्या जोडीला. माझा तिसरा प्रश्न इथे फार उपयोगी पडतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा अवस्थेपासून (कोंब फुटू लागल्यापासून) फुलोऱ्यापर्यंत पाऊस झाला आणि मॉडेलनं धोका सांगितलाच नाही, तर डाऊनीनं घड जातात. तेव्हा मॉडेल जरा घाबरट असलेलं चांगलं. एखादी फवारणी जास्त झाली तरी चालेल. काढणी जवळ आली की गणित उलटतं. तेव्हाची उगाच केलेली फवारणी रेसिड्यूच्या (औषधाच्या उरलेल्या अंशाच्या) अहवालात दिसते आणि युरोपला जाणारा माल अडकतो. म्हणजे बाग एकच, मॉडेलही एकच, पण हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी उंबरठे वेगळे हवेत. सल्ला देणाऱ्या अ‍ॅपमध्ये हा उंबरठा बदलता येतो का, हे विचारून बघा. बऱ्याचदा समोरच्याला प्रश्नच कळत नाही.

भावाचाच ओघ आला म्हणून भावांच्या अंदाजाबद्दल दोन शब्द. 'एआय कांद्याचे भाव सांगतं' असं लासलगाव-पिंपळगावकडे बरेच जण सांगत फिरतात. मागच्या भावांवरून पुढचे भाव काढणारं मॉडेल हंगामाची चढउतार बऱ्यापैकी पकडतं. पण ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आणली आणि ४ मे २०२४ ला ती उठवली. हे निर्णय आवक आणि भावाच्या जुन्या आकड्यांत कुठून दिसणार? चाळीत कांदा ठेवायचा की विकायचा हे अशा मॉडेलवर ठरवणाऱ्यानं त्यातला धोका स्वतःच्या खिशातून भरायची तयारी ठेवावी. अमेरिकेत झिलो या मोठ्या कंपनीनं घरांच्या किमतीचा अंदाज मॉडेलनं काढून घरं विकत घेतली आणि २०२१ मध्ये तो धंदाच बंद केला. त्यांच्याकडे डेटा कमी होता असं कुणी म्हणणार नाही.

सगळ्यात गाजणारा प्रकार शेवटी घेतोय: भाषा तयार करणारी मॉडेल, म्हणजे चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड वगैरे. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ट्रान्सफॉर्मर नावाची रचना मांडली, ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसमोर आलं आणि 'एआय' म्हणजे हेच असा समज झाला. ही मॉडेल प्रचंड मजकुरावर शिकतात आणि पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज करत लिहितात. त्यामुळे त्यांचं लिखाण ओघवतं असतं, आणि माहिती नसली तरी त्याच आत्मविश्वासानं काहीतरी ठोकून देतात.

तुमच्या युनिटमध्ये याचा पहिला उपयोग मला ऑफिसात दिसतो. ग्राहकाचं पन्नास पानी इंग्रजी क्वालिटी मॅन्युअल द्या आणि 'पॅकिंग आणि लेबलिंगबद्दल काय काय अटी आहेत, पान क्रमांकासह सांग' असं विचारा. पान क्रमांक मागायचाच, म्हणजे पडताळता येतं. मशिनवर लावायच्या सूचना मराठीत आणि हिंदीत करून घ्या, पण माप, टॉलरन्स, टॉर्क हे आकडे मूळ कागदावरूनच टाका, मॉडेलला ते पुन्हा लिहू देऊ नका. बेरीज-वजाबाकीही त्याच्याकडून करून घेऊ नका; सूत्र लिहून घ्या आणि गणित एक्सेलला करू द्या. देवनागरी मजकुराचे ही मॉडेल इंग्रजीपेक्षा सहसा जास्त तुकडे पाडतात, त्यामुळे वापरावर पैसे मोजणाऱ्या सेवेत मराठी महाग पडते, हेही कोटेशन वाचताना ध्यानात असू द्या.

एक काम जरा जवळून दाखवतो, कारण त्यात दोन प्रकार एकत्र येतात. मालाबरोबर पोलाद पुरवठादाराचं टेस्ट सर्टिफिकेट येतं. कुणाचं स्कॅन केलेलं, कुणाचा व्हॉट्सअ‍ॅपवर तिरका काढलेला फोटो, प्रत्येकाचा तक्ता वेगळा. त्यातला हीट नंबर आणि कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरसचे आकडे रजिस्टरमध्ये चढवायचे. हे वाचून घ्यायला आजची मॉडेल चांगली आहेत. पण ०.४० चं ०.०४ वाचलं गेलं तर? इथे तो जुना नियम कामाला येतो. ईएन-८ या जातीचं पोलाद असेल तर कार्बन ०.३५ ते ०.४५ टक्क्यांच्या आसपास हवा. आकडा त्याबाहेर गेला की ओळ लाल होते आणि माणूस मूळ फोटो उघडतो. ०.४० चं ०.४४ वाचलं तर नियम फसेल हे खरं, म्हणून महत्त्वाच्या लॉटचे आकडे डोळ्याखालून घालायचेच. वाचणं मॉडेलकडे, राखण नियमाकडे आणि सही माणसाची. माझ्या पाहण्यात छोट्या युनिटमध्ये टिकलेली कामं बहुतेक अशा जोडगोळीची आहेत.

गुप्ततेचं काय? ग्राहकाचं ड्रॉइंग फुकटच्या चॅटमध्ये चिकटवणं म्हणजे तुम्ही सही केलेला गोपनीयता करार मोडणं. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीनं अशा साधनांवर बंदी घातली. तुमच्याकडे बंदी घालून उपयोग नाही, पोरं स्वतःच्या फोनवरून वापरतीलच. पैसे भरून घेतलेलं, डेटा प्रशिक्षणासाठी वापरणार नाही असं लेखी देणारं एक खातं कंपनीच्या नावानं घ्या आणि ड्रॉइंग तिथेही ग्राहकाला विचारूनच टाका. कामगारांच्या चेहऱ्यावरून हजेरी लावायचा विचार असेल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आधी सल्लागाराकडून समजून घ्या.

हल्ली एजंट हा शब्दही ऐकाल. भाषा मॉडेलच्या हातात मेल, टॅली, बँक अशा चाव्या दिल्या की ते नुसतं सांगत नाही, करूनही टाकतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या एका न्यायाधिकरणानं एअर कॅनडाला भरपाई द्यायला लावली, कारण तिच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटनं प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली होती. चॅटबॉट जे बोलला त्याची जबाबदारी कंपनीवरच, असा निकाल. पंचवटीत लॉज चालवणाऱ्या एखाद्यानं २०२७ च्या सिंहस्थासाठी बुकिंगचा बॉट लावायचं ठरवलं असेल तर त्यानं हे जरूर वाचावं: स्नानाच्या तारखा आणि दर बॉटनं स्वतःच्या मनानं सांगायचे नाहीत, ठरलेल्या तक्त्यातूनच उचलायचे. तुमच्यासाठी माझा सल्ला असा की एजंटनं मसुदे करावेत, पाठवणं माणसानं करावं, आणि पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलण्याचा अधिकार कुठल्याही यंत्राला देऊ नये. 'आमचं खातं बदललं आहे' असा मेल आला की जुन्या ओळखीच्या नंबरवर फोन करून खात्री करायची. आता आवाजाचीही नक्कल होते, म्हणून आलेल्या फोनवर नव्हे, आपण लावलेल्या फोनवर.

तर क्रम असा ठेवा. २बी जुळवणी आणि टेस्ट सर्टिफिकेट या महिन्यात सुरू करा, त्याला विक्रेता लागत नाही, एक हुशार अकाउंटंट पोरगी किंवा पोरगा पुरतो. कॅमेरा फक्त एका जॉबवर करा, ज्याचं रिजेक्शन ग्राहकाकडून सगळ्यात जास्त येतं. भावाचं हवामान केंद्र वेगळं, त्याचा विक्रेता वेगळा, पैसेही वेगळे.

कॅमेऱ्यासाठी त्या विक्रेत्याला पुन्हा बोलवा, पण त्याच्या लॅपटॉपवरचा डेमो बघू नका. तुमच्या रेड बिनमधले (नापास झालेले) पीस आणि चांगले पीस मिसळून, मागे नंबर टाकून, कूलंट लागलेल्या अवस्थेत त्याला द्या. कोणता नंबर खराब याची यादी तुमच्या क्वालिटीवाल्याच्या खिशात असू द्या. मिसळलेल्या पिसांत तुमच्या माणसांनीही वाद घातलेले, इकडचे की तिकडचे हे न ठरलेले काही मुद्दाम टाका, आणि तीच पेटी दुसऱ्या शिफ्टच्या इन्स्पेक्टरलाही द्या. दोघांचे निकाल शेजारी मांडून बघा, ॲडव्हान्सचा चेक त्यानंतर.